तीळआजोबा

रविवार, १ जानेवारी

धाकट्या मुलीने ही वही आणून दिली. म्हणाली, "बाबा, तुमच्या काळज्या दिवसभर आईच्या कानात ओतू नका. तिचं ब्लडप्रेशर वाढतं. ह्यात लिहा आणि वही मिटून टाका." म्हणून लिहायला बसलो. चौथीत शाळा सुटली ती सुटलीच. पुढे पाणीखात्यात मीटर वाचायला लागलो. तीस वर्षं आकडे लिहिले, वाक्यं लिहायची वेळ आली नाही. तेव्हा अक्षराची काळजी आहेच.

आज गॅसचा नॉब बंद आहे का ते चार वेळा पाहिलं. पाचव्यांदा उठलो तेव्हा ही म्हणाली, "अहो, तो नॉब आता तुम्हाला नावाने ओळखायला लागला." गच्चीवरच्या टाकीचं झाकण वाऱ्याने उडेल असं वाटतं. खालच्या मजल्यावर एकाला खोकला झाला आहे, तो जिन्याने वर येईल. खोकला म्हणतो मी, माणूस नव्हे.

एका गोष्टीची मात्र काळजी नाही. माझा उजवा डोळा. दोन वर्षांपूर्वी चष्म्याचा नंबर काढायला डोळ्यांच्या इस्पितळात गेलो होतो, तेव्हा आत, अगदी मागच्या पडद्याखाली, काळा डाग सापडला. फोटो काढले, सोनोग्राफी केली. तिथल्या मोठ्या मॅडम म्हणाल्या, "नेव्हस आहे." घरी येऊन मी हिला सांगितलं, डोळ्यात नवस आहे. ही म्हणाली, "कोणी बोलला होता?" नंतर कळलं, नेव्हस म्हणजे तीळ. गालावर असतो तसाच, फक्त डोळ्याच्या आत. गाठ नाही, काही नाही. जाडी दीड मिलिमीटर.

मॅडमना तो इतका आवडला की म्हणाल्या, "एवढी स्वच्छ केस पुस्तकातही मिळत नाही. दर गुरुवारी आमच्या शिकाऊ डॉक्टरांच्या वर्गाला याल का?" तेव्हापासून मी दर गुरुवारी जातो. चौथी नापास माणूस डॉक्टरांना शिकवतो आहे. हे वाक्य लिहायला बरं वाटलं.

गुरुवार, ५ जानेवारी

आजपासून नवी तुकडी. सहा जण. आधी डोळ्यात थेंब घालतात, म्हणजे बाहुली मोठी होते आणि आतलं दिसतं. माझ्यापुढे मात्र तीन तास सगळं धुकं. मग फोटोच्या खोलीत नेतात. तिथला फोटोवाला निवृत्तीला आला आहे. "या हिरो, हनुवटी टेका," असं म्हणतो आणि डोळ्याच्या आतला फोटो काढतो. मग दुसऱ्या यंत्रात हिरव्या फुलीकडे बघायचं. त्यात पडद्याचे थर उभे कापल्यासारखे दिसतात. शेवटी सोनोग्राफी. डोळा मिटायचा, पापणीवर गार चिकट लेप लावतात, त्यावर पेनासारखा दांडा फिरवतात आणि जाडी मोजतात.

पोरांना काही येत नाही. एकजण फार टापटिपीचा आहे, त्याच्या कपड्यांच्या घड्या मोडतच नाहीत. त्याचं नाव मी इस्त्री ठेवलं. त्याने मोजून पाहिलं आणि कपाळाला आठ्या घालून म्हणाला, "एक पॉइंट सात?" मी हळूच म्हणालो, "दीड." त्याने पुन्हा दांडा फिरवला आणि म्हणाला, "हो, हो, दीडच." बाकीच्यांनाही मी तसंच वळण लावलं. गाठ की तीळ असं मॅडमनी विचारलं तेव्हा सहाच्या सहा जण म्हणाले, तीळ.

बाहेर पडताना इस्त्री दुसऱ्याला सांगत होता, "आजोबा म्हणजे आपलं गाइड आहेत." मला भरून आलं. आमच्या खात्यातही नव्या माणसाला रस्ता दाखवणारा लागायचाच.

जानेवारीत माझी सहामाही तपासणी असते. मॅडमना आठवण करून दिली, तर हसून म्हणाल्या, "तुम्ही दर गुरुवारी इथेच असता. सहा डॉक्टर मोजतात. आणखी काय तपासायचं?" खरंच आहे.

गुरुवार, १९ जानेवारी

सहा जणांत एक मुलगी आहे, तिच्याबद्दल लिहिलं नव्हतं. बारीक, शांत, आवाज असा की यंत्राच्या घरघरीत हरवतो. ती एका मोजणीला चाळीस मिनिटं लावते. दांडा पापणीवर ठेवला की वाटतं, ही झोपली की काय. तिला मी गोगलगाय म्हणतो. मनातल्या मनात.

आज तिला म्हणालो, "पोरी, दीड. लिही आणि चहाला जा." ती म्हणाली, "थांबा ना आजोबा, अजून एकदा." मग विचारलं, "कडेला चमक दिसते का? वीज चमकल्यासारखी?" मी म्हणालो, नाही. दिसत नव्हतीच.

शनिवार, ११ फेब्रुवारी

बैठकीतली ट्यूबलाइट बिघडली आहे. उजव्या कडेला सारखी लकलक करते. वायरमनला बोलावलं. त्याने स्टार्टर बदलला, पट्टी बदलली, स्टुलावर उभा राहून दहा मिनिटं ट्यूबकडे टक लावून बघितलं. "काका, ही तर अगदी शांत आहे." मी म्हणालो, "तू बघत असलास की शांत असते." तो गेला आणि परत लकलक. ट्यूब बंद केली तरी एकदा झाली. वायरिंगमध्ये कुठेतरी वीज साठून राहत असणार. आग लागेल की काय अशी धाकधूक आहे.

गुरुवार, २ मार्च

ही तुकडी फारच कच्ची. आज आकडे काय आले ते लिहून ठेवतो, म्हणजे परीक्षेआधी त्यांचे कान उपटता येतील. एक पॉइंट नऊ. दोन. एक पॉइंट नऊ. दोन पॉइंट एक. इस्त्रीने तर न मोजताच दीड लिहिलं, तेवढाच एक शहाणा. गोगलगाईने दोन पॉइंट एक लिहून वहीत खाली रेघ मारली. मी म्हणालो, "दांडा तिरका धरतेस, म्हणून जास्त येतं." ती म्हणाली, "मी सरळ धरला होता." वर परत विचारलं, चमक दिसते का. मी म्हणालो, "माझ्या घरचं वायरिंग खराब आहे, डोळा नाही." ती माझ्याकडे बघत राहिली. असं कोणी बघत राहिलं की मला घाम फुटतो.

घरी आल्यावर हिला सांगितलं. ही म्हणाली, "पाच जण तेच सांगतात आणि तुम्ही एकटे वेगळं सांगता. कोण कच्चं?" बायकांना शास्त्र कळत नाही.

सोमवार, २० मार्च

बिल्डिंग खचते आहे. दुपारी उजव्या... नाही, डाव्या कुशीवर पडलो होतो, डावा डोळा उशीत. समोर स्वयंपाकघराच्या दाराची चौकट. ती मध्यावर वाकलेली दिसली, पाण्यात काठी दिसते तशी. उठून दोरीला कुलूप बांधलं आणि ओळंबा धरला. चौकट सरळ. पुन्हा पडलो. वाकडी. पुन्हा उठलो. सरळ. ही दारात उभी राहून बघत होती. "अहो, तुम्ही पडलात की बिल्डिंग पडते आणि तुम्ही उठलात की उठते. मग उभेच राहा ना, सगळ्यांचा जीव वाचेल."

सोसायटीच्या सेक्रेटरीला पत्र लिहिणार आहे.

खरं लिहायचं तर मनात एकदा येऊन गेलं की मॅडमना विचारावं. पण विचारलं आणि त्या म्हणाल्या, केसमध्ये बदल झाला, तर गुरुवारी दुसऱ्या कोणालातरी बसवतील. एक म्हातारी आहे, तिच्याही डोळ्यात तीळ आहे असं ऐकतो. मग मी गुरुवारी काय करायचं? नॉब बघत बसायचं? तेव्हा हा प्रश्न बिल्डिंगचा आहे. सेक्रेटरीलाच विचारीन.

गुरुवार, २० एप्रिल

आज परीक्षा होती. आज लिहायलाच हवं.

बाहेरून परीक्षक आले होते. उंच, पांढऱ्या भुवया, हसले तर दंड पडेल असा चेहरा. परीक्षेला थेंब नाहीत, नुसता दांडा; आणि रुग्णाने बोलायचं नसतं. मी बोलत नाही, पुटपुटतो. इस्त्री आला, मी पुटपुटलो, त्याने लिहिलं, पाच मिनिटांत मोकळा. आणखी चौघे तसेच. मग गोगलगाय आली. घंटा वाजायला आली तरी तिचं आपलं चालूच. मी पुटपुटलो, "दीड. तीळ." ती तशीच. मी जरा मोठ्याने, "दीड गं पोरी! तीळ!" तर ती सगळ्या खोलीला ऐकू जाईल अशी म्हणाली, "आजोबा, बोलू नका ना, मला बघू द्या." तिचा एवढा आवाज मी पहिल्यांदा ऐकला.

परीक्षकांनी तिचा कागद वाचला. भुवया वर गेल्या. "ही केस तीळ म्हणून ठेवली आहे. तुम्ही गाठ लिहिलंय."

"हो सर."

"दोन पॉइंट चार?"

"तीनदा मोजलं सर. तिन्ही वेळा तेवढंच आलं. पडद्याखाली पाणीही वाटतंय."

"बाकी सगळ्यांनी दीड लिहिलंय."

तिने दांडा पुसून जागेवर ठेवला. बिचारी! परीक्षकांनी तिला बाजूला केलं, स्वतः दांडा घेतला आणि माझ्या पापणीवर ठेवला. बराच वेळ. मग दांडा खाली ठेवून बाहेर गेले. काचेपलीकडे मोठ्या मॅडमशी बोलताना दिसले. मॅडमनी तोंडावर हात धरला होता. एवढ्या चिडल्या होत्या.

पोरगी नापास झाली. माझ्यामुळे. जरा आणखी मोठ्याने सांगायला हवं होतं.

शुक्रवार, २१ एप्रिल

इस्पितळातून फोन. उद्या सकाळी या, बरोबर घरचं कोणीतरी आणा. मी समजलो. परीक्षेत उत्तरं सांगितली म्हणून बोलावलं आहे. घरच्यांसमोर बोलणार. हिला सगळं कबूल केलं. ही म्हणाली, "हात दाखवून अवलक्षण. ह्या वयात कॉपी पुरवता!" आरशासमोर उभा राहून माफीचं बोलणं चारदा म्हटलं. "मॅडम, मी अडाणी माणूस," असं सुरू करायचं आणि त्या मुलीला पुन्हा बसू द्या, असं संपवायचं.

शनिवार, २२ एप्रिल

माफीचं बोलणं झालंच नाही.

मी सुरुवात केली, "मॅडम, मी अडाणी माणूस," तर त्याच म्हणाल्या, "तुमची माफी मला मागायची आहे." मग फोटोच्या खोलीत नेलं. फोटोवाल्याने आज हिरो म्हटलं नाही. नुसतं "टेका" म्हणाला आणि थेंब न घालताच फोटो काढला. मला तिथेच कळायला हवं होतं.

पडद्यावर दोन फोटो शेजारी शेजारी. दोन वर्षांपूर्वीचा आणि आजचा. गोल, केशरी, त्यावर लाल रेषा, नदीचे फाटे असावेत तशा. एकात करड्या रंगाचा ठिपका. दुसऱ्यात तोच, पण फुगलेला, वर शेंदरी भुकटी सांडल्यासारखी. माझाच डोळा आणि मी तो पहिल्यांदा नीट बघत होतो. गुरुवारी मी कधी बघायचोच नाही, माझ्या डोळ्यांपुढे धुकं असायचं.

मग थरांचं चित्र लावलं. पडदा एका जागी उचललेला, आणि खाली काळी फट. मी विचारलं, "ते काळं काय?"

फोटोवाला म्हणाला, "पाणी."

"पाणी? कुठून आलं?"

"गळतंय."

गळती. एवढा एकच शब्द मला कोणी समजावून सांगायला नको होता. ओल धरली की भिंतीचा कागद फुगतो आणि त्यावरची सरळ रेघ वाकडी होते. चौकट सरळ होती. ट्यूब शांत होती. वायरमन खरं बोलत होता.

मॅडम म्हणाल्या, "तीळ बदलला आहे. आता ती गाठ आहे. मेलानोमा म्हणतात."

ही एकदम म्हणाली, "नावातच मेला! मेला तो नोमा." आणि मॅडमना रडू आणि हसू एकदम आलं.

मग त्यांनी सांगितलं. गाठ लहान आहे, मधल्या नजरेच्या जागेपासून लांब आहे, वेळेत सापडली आहे. डोळा वाचेल, नजर वाचेल अशी आशा आहे. आणखी दोन-चार महिने गेले असते तर डोळा काढावा लागला असता, कदाचित त्याहून वाईट. यकृताची सोनोग्राफी करायची, गाठ तिकडे पसरली नाही ना ते बघायला.

मी विचारलं, "त्या मुलीचं काय?"

"कुठली मुलगी?"

"जिला मी नापास केलं."

मॅडम म्हणाल्या, "तिनेच तर तुम्हाला पाहिलं. आम्ही सगळे तुमच्या फाइलकडे बघत होतो. मीसुद्धा."

रविवार, २३ एप्रिल

आज एक जुनी गोष्ट लिहितो, कोणाला सांगितली नाही. माझ्या वाटेवर एक घर होतं, फाटकात दांडगा कुत्रा. मी सहा महिने आत गेलोच नाही. मागच्या महिन्याचा आकडा बघायचा, त्यात थोडं घालायचं आणि लिहायचं. फाटकाबाहेरून. सहा महिन्यांनी कळलं, आत पाइप फुटला होता. पाया भिजून मागची भिंत बसली. त्या घरात एक शिंपी राहायचा. तो मला एक शब्द बोलला नाही, उलट म्हणाला, "कुत्रा वाईटच आहे हो."

मी पोरांना तेच करायला लावत होतो. फाटकाबाहेरून आकडा लिहा. आणि घर माझंच.

दुसऱ्याच्या डोळ्यातलं कुसळ दिसतं, असं म्हणतात. मला माझ्या डोळ्यातलं मुसळ सहा डॉक्टर दाखवत होते आणि मी त्यांना सांगत होतो, कुसळच आहे, लिही.

मंगळवार, २५ एप्रिल

यकृत स्वच्छ! स्वच्छ! मॅडमनी स्वतः फोन केला. जीव भांड्यात पडला. ही देवाजवळ गेली, मी नॉबजवळ गेलो. सवय.

धाकटी आली आणि गळ्यात पडून रडली. मी म्हणालो, "अगं, बातमी चांगली आहे." ती म्हणाली, "म्हणूनच."

गुरुवार, ११ मे

इस्पितळाच्या खोलीतून लिहितो आहे. मंगळवारी ऑपरेशन झालं. नखाएवढी सोन्याची चकती डोळ्याच्या मागच्या बाजूला, गाठीच्या बरोबर वर, टाके घालून बसवली आहे. तिच्यात किरणांचे दाणे आहेत, ते गाठ जाळतात. चार दिवस ठेवायची आणि काढायची. डोळ्यावर जड झाकण आहे. डाव्या डोळ्याने लिहितो आहे, ओळी वर चढतात.

किरणांमुळे कोणी जवळ बसायचं नाही. ही दाराशी स्टूल टाकून बसते, हात तोंडाशी धरून बोलते.

"अहो, पन्नास वर्षांत माझ्या अंगावर गुंजभर सोनं घातलं नाहीत आणि स्वतःच्या डोळ्यामागे चकती!"

"परत द्यायची आहे गं ती!"

"मग काय उपयोग!"

नर्स येऊन म्हणाली, "काकू, हळू. शेजारच्या खोलीत ऑपरेशनचा पेशंट आहे." ही म्हणाली, "हेपण ऑपरेशनचेच आहेत, ह्यांना ऐकू कुठे येतंय?" मला व्यवस्थित ऐकू येत होतं. असं दुरून भांडताना मजा येते. मी मुद्दामच "काय?" म्हणत होतो.

दुखतं. पण सांगण्यासारखं नाही, म्हणजे सांगितलं तर ही घरी जाणार नाही.

शुक्रवार, १२ मे

गोगलगाय भेटायला आली. दारातच उभी राहिली, चपला काढाव्या की नाही अशा विचारात. मी काय बोलावं ह्याची रात्रभर काळजी केली होती आणि सगळं विसरलो. म्हणालो, "पास झालीस?"

"निकाल पुढच्या महिन्यात आहे, आजोबा."

"परीक्षक रागावले होते?"

"नाही. त्यांनी मला विचारलं, सगळे दीड म्हणत असताना तू दोन पॉइंट चार कसं लिहिलंस."

"मग?"

"मी म्हटलं, मला चटकन काही कळत नाही, सर. म्हणून मी सावकाश बघते."

मी म्हणालो, "तुला मी मनात गोगलगाय म्हणतो." सांगितल्यावर वाटलं, जीभ हासडावी. पण ती इतकी हसली की भिंतीला टेकली. म्हणाली, "माझी आईपण तेच म्हणते."

मग मीच विचारलं, "घाबरली नव्हतीस? मी एवढा ओरडत होतो."

"खूप. तुम्ही मला आवडायचात ना. वाटलं, माझं चुकलं तर आजोबांना उगीच घाबरवलं असं होईल. आणि बरोबर असलं तर..." पुढचं तिने वाक्य टाकून दिलं. "दोन्हीकडून वाईटच वाटत होतं. म्हणून तीनदा मोजलं."

ती गेल्यावर ही स्टुलावरून म्हणाली, "असल्या पोरी सुना म्हणून मिळत नाहीत." आम्हाला मुलगा नाही, हे हिला चांगलं माहीत आहे.

शनिवार, १३ मे

चकती काढली. परत दिली. हिने उगीचच हळहळ केली.

गुरुवार, १५ जून

निकाल लागला. इस्त्रीही पास झाला, पण तोंडी परीक्षेत त्याला पुन्हा बसवलं होतं. तो आमच्या घरी आला, पेढ्यांऐवजी बिस्किटं घेऊन. कपड्यांना आज चुरगळ होती. म्हणाला, "आजोबा, मी पहिल्या दिवशी एक पॉइंट सात म्हटलं होतं. माझं बरोबर होतं का हो?"

मी म्हणालो, "बरोबर होतं. मी चुकीचं सांगितलं."

त्याने बिस्किटांचा पुडा फोडला. म्हणाला, "तुम्ही सांगितलंत हे ठीक. मी का ऐकलं?" दोघांनी मिळून सगळी बिस्किटं संपवली.

गोगलगाय पहिली आली. तिने फोनवर सांगितलं, तेही तीन वाक्यं दुसरं काहीतरी बोलल्यावर.

गुरुवार, १० ऑगस्ट

तीन महिन्यांची तपासणी. मॅडम हल्ली स्वतः मोजतात. फाइल उलटी ठेवून आधी मोजतात आणि मग फाइल उघडतात. दोन पॉइंट दोन. पडद्याखालचं पाणी निम्म्यावर. घरी येऊन डाव्या कुशीवर पडलो. चौकट अजून थोडी वाकडी आहे, पण बिल्डिंगवर विश्वास बसू लागला आहे. सेक्रेटरीला पत्र लिहिलं होतं ते मागे घेतलं. तो म्हणाला, "कुठलं पत्र?"

नवी काळजी: मॅडम म्हणाल्या, पुढे काही वर्षांनी किरणांमुळे नजर थोडी कमी होऊ शकते, लक्ष ठेवू. मी विचारलं, किती वर्षांनी? पाच, सात, सांगता येत नाही. हिने हिशेब केला. "तोपर्यंत तुम्ही ब्याऐंशीचे. तेव्हा काळजी करायला काहीतरी शिल्लक नको का?"

मंगळवार, ३१ ऑक्टोबर

मॅडमचा फोन. गुरुवारी नवी तुकडी येणार आहे. याल का? मी म्हणालो, आता माझ्याकडे तीळ कुठे आहे? त्या म्हणाल्या, "बरी होत चाललेली गाठ आहे. असली केस तर कोणाकडेच नाही." मी एकच अट घातली. माझी सहामाहीची मोजणी आधी करू नका. पोरांना मोजू द्या, मलाही काही सांगू नका, मग तुम्ही मोजा. मला आकडा माहीत असला की माझ्या तोंडाला खाज सुटते.

गुरुवार, २ नोव्हेंबर

थेंब, धुकं, फोटोच्या खोलीत "या हिरो." फोटोवाल्याची निवृत्ती पुढच्या महिन्यात आहे. म्हणाला, तुमचा डोळा सपाट झाल्याशिवाय जाणार नाही.

नवी पोरं सहा. पहिलाच एक मुलगा, हाताला कंप, लेप जास्त लावला, तो माझ्या कानापर्यंत ओघळला. दांडा ठेवला, उचलला, परत ठेवला. मग माझ्याकडे वाकून अगदी हळू विचारलं, "आजोबा, साधारण किती असतं हो?"

खोलीच्या टोकाला गोगलगाय उभी होती. ती आता त्यांना शिकवते. तिने ऐकलं असणार, पण खिडकीकडे बघत राहिली.

मी म्हणालो, "बाळा, मला खरंच माहीत नाही. तू बघ आणि मला सांग. मी सहा महिने वाट बघतोय."

त्याने बघितलं. बराच वेळ लावला. कोणी घाई केली नाही. मग म्हणाला, "एक पॉइंट आठ?"

मॅडम आल्या, फाइल उलटी ठेवली, मोजलं. मोजताना त्यांचा श्वास मला ऐकू येत होता. मग त्या त्या मुलाला म्हणाल्या, "परत सांग. मोठ्याने."

"एक पॉइंट आठ."

"आणि पाणी?"

"पाणी... दिसत नाही, मॅडम. कोरडं आहे."

"कोरडं आहे," मॅडम म्हणाल्या, आणि मग खोलीत कोणीतरी टाळी वाजवली. मला वाटतं गोगलगाईने. धुक्यात नीट दिसलं नाही.

बाहेर बाकावर ही बसली होती. नुसता आकार दिसत होता, पण पिशवी मांडीवर घट्ट धरली आहे एवढं कळलं. "किती?"

"एक पॉइंट आठ."

"कोणी सांगितलं?"

"आज पहिल्यांदा आलेल्या एका पोराने."

"मग? बरोबर आहे का?"

"मला काय विचारतेस? त्याने पाहिलं. मी कुठे पाहिलंय?"

ही एवढ्या जोरात हसली की पिशवी खाली पडली.